बंबाशेजारचे मासे

माझ्या चहात करंगळी बुडवायचा अधिकार मी आजवर एकाच माणसाला दिला आहे. दिला म्हणजे, त्यांनी तो मागितलाच नव्हता. हिंगणघाटला त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली, त्या पहिल्याच संध्याकाळी काकूंनी चहा आणला. मी कप तोंडाशी नेणार तेवढ्यात समोर बसलेल्या घरमालकांनी हात लांब केला, करंगळीचं टोक माझ्या चहात बुडवलं आणि म्हणाले, "अडुसष्ट. दोन मिन्टं थांबा मॅडम, नाई तं जीभ भाजन." मी साताऱ्याकडची. परक्या बाईच्या चहात बोट घालणाऱ्या माणसाला आमच्याकडे काय ऐकवतात ते मला पाठ होतं. पण जागा नवी होती, सामान अजून सोडलेलं नव्हतं. मी दोन मिनिटं थांबले. चहा अगदी बेताचा गरम लागला, याचा मला जास्त राग आला.

गावातल्या एका कापडाच्या मिलमध्ये त्यांनी सगळी नोकरी बॉयलरवर काढली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गाव त्यांना 'बॉयलर' म्हणूनच ओळखायचं. ऑटोवाल्याला "बॉयलरच्या घरी" एवढं सांगितलं की पुरायचं. मी त्यांना काका म्हणायची. मी तेव्हा तिथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होते, म्हणजे नोकरी होती आणि नव्हतीही. काकांना मात्र मी फार मोठी विदुषी वाटायचे, आणि त्यांचा तो गैरसमज दूर करायची मला काही घाई नव्हती.

जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांच्या लेखी दोनच प्रकारच्या होत्या. एक तर तापायच्या, नाहीतर तापून निवालेल्या. कुणी चिडलं की "प्रेशर चढलं", आणि रडून मोकळं झालं की "व्हॉल्व्ह उघडला, आता भेव नाई." कुकर लावायचा काकूंनी, पण तो गॅसवर चढला की त्याचा ताबा काकांकडे. ते स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसत आणि शेवटची शिटी होईस्तोवर कुणाशी बोलत नसत. त्या वेळात पाहुणा आला तर त्याला हाताने 'थांबा' अशी खूण व्हायची. पाहुणेही सरावलेले होते.

थंड वस्तूंवर त्यांचा विश्वासच नव्हता. जावयाने घेऊन दिलेल्या फ्रिजमध्ये त्यांनी कधी हात घातला नाही. मे महिन्यात गावातली कुत्रीसुद्धा दुकानांच्या पायऱ्यांखालून हलत नसत, तेव्हा काका बंबातलं कडकडीत पाणी घेऊन आंघोळ करायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, "आता कसं थंड वाटते!" हा बंब तांब्याचा, मागच्या परसात न्हाणीला लागून. त्यात पऱ्हाटी जळायची. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहिलेली ती वाळकी झाडं त्या भागात कुणालाही गाडीभर मिळत. गीझर का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. "कॉइलचं पाणी मुकं राह्यते," ते म्हणाले.

हसण्यावारी न्यावं म्हटलं तर माणसाचा हात मात्र खरोखर बिनचूक होता. एकदा मला ताप भरला. काकांनी हाताची उलटी बाजू माझ्या कपाळाला लावली आणि जाहीर केलं, "एकशे एक पॉइंट चार." डॉक्टरांनी थर्मामीटर लावला. एकशे एक पॉइंट चार. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले आणि काका खिडकीबाहेर, जसं काही त्यांचा या प्रकरणाशी संबंधच नाही.

आकड्यांच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला माणूस गोष्टींच्या बाबतीत पक्का थापाड्या होता. रोज सकाळी अंगणात त्यांची बैठक जमायची. मिलमधले जुने तीन-चार सोबती असत आणि त्यांचा म्होरक्या 'जॉबर'. मागखात्यात कामगारांवर देखरेख करणारा तो जॉबर. नोकरी संपली तरी त्याचं देखरेख करणं काही संपलं नव्हतं. काकांची प्रत्येक गोष्ट तो तपासून घ्यायचा.

"एका उन्हाळ्यात," काका सांगत, "समुद्रपूरहून येताना एका बाईनं यष्टीच्या टपावर अंड्याईची टोपली ठेवली. हिंगणघाट येस्तोवर टोपलीतून चिवचिव आयकू याले लागली. कंडक्टरनं पिल्लाईचं हाफ तिकीट मागलं."

"अन् कोंबडी?" जॉबर विचारायचा.

"कोंबडी मागच्या गाडीनं आली."

थाप उघडी पडली तरी काका मागे हटत नसत. एकदा बोललेला शब्द परत घ्यायचा नाही, हा त्यांचा बाणा होता, आणि त्याचं कारणही त्यांच्याकडे तयार होतं. "बॉयलरवरच्या माणसानं आकडा फिरवला तं खालचे सगळे पोट्टे काम सोडून पळतीन. एकदा रीडिंग सांगतलं का सांगतलं." त्यामुळे ती कोंबडी मागच्या गाडीनेच आली होती, यावर ते वर्षानुवर्षं ठाम होते. जॉबरची एकच इच्छा राहिली होती, की या माणसाने एकदा तरी तोंडाने म्हणावं, थाप होती.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर काकूंचे गुडघे फार धरले. कुणीतरी सांगितलं म्हणून काका त्यांना पैनगंगेपलीकडे, किनवटच्या बाजूला गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेले. तीन दिवसांनी परत आले ते मोठी बातमी घेऊनच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला जायला जिना उतरत होते, तेव्हा बैठकीत ती फुटलेली होती.

"उकळत्या पाण्यात मासे पाह्यले म्या," काका सांगत होते. "जित्ते. पोहून राह्यलते."

"मासोळीचं तिकीट फुल का हाफ?" जॉबरने विचारलं. मग त्याला जिन्यावर मी दिसले. "मॅडम, तुमी त्यातल्या शिकलेल्या. तुमीच सांगा. उकळत्या पाण्यात मासा जगते?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. फार विश्वासाने पाहिलं. शिकलेल्या बाईने अशा वेळी विचारायचं असतं की कुठलं पाणी, किती गरम, मासे नेमके कुठे दिसले. मी पर्स खांद्यावर नीट करत म्हणाले, "अशक्य. त्याला आपण रस्सा म्हणतो."

अंगण हसून लोळायचं बाकी राहिलं. एकाला तर ठसका लागला. स्वतःच्या विनोदावर खूश होत मी कॉलेजला गेले आणि दोन तासिकांना तो पुन्हा सांगितला.

त्यानंतर तीन दिवस माझ्या चहात कुणी बोट घातलं नाही. चौथ्या दिवशी काकू गुडघ्यांवर हात ठेवत जिना चढून वर आल्या. त्या कधी वर येत नसत.

"पोरी, काऊन म्हणलं व तू तसं?"

"काकू, गंमत केली. ते रोजच थापा मारतात."

"मारतात ना. लगन झाल्यापासून आयकून राह्यली मी. पण हे खरं होतं. त्या पाण्याची नाली हाये, तिच्यात मी पाय सोडून बसली होती. मले चटके बसून राह्यलते, अन् हे मासे माह्या बोटाईले चावून राह्यलते. आरामात."

"मग तुम्ही सांगायचं ना सगळ्यांना."

"बायकोची साक्ष कोण मानते? तू म्हणली असती तं मानलं असतं." त्या जिन्याकडे वळल्या आणि थांबल्या. "काल कुकरपाशी बसले नाई ते. भात करपला."

मला वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, लाज वाटली. काकांच्या थापांवर हसणं वेगळं. पण त्यांनी एकदाच एक खरी गोष्ट आणली होती आणि मी ती न पाहता, न विचारता, चारचौघांत खोटी ठरवली होती. ज्या विषयाची मी पदवी मिरवत होते, त्याच विषयात.

डिसेंबरच्या सुट्टीत मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर मागून घेतला आणि काकांना म्हटलं, मला दाखवा. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मीटर कायले? मी हावो ना." आम्ही तिघं निघालो. पांढरकवड्याला गाडी बदलली, पुढे एक जीप केली. काकूंनी बांधून आणलेल्या दशम्यांना काकांनी सगळ्या रस्त्यात हात लावला नाही. ते घाबरले होते. मासे दिसले नाहीत तर, ही भीती त्यांच्या तोंडावर दिसत होती.

कुंडात मासे नव्हतेच. तिथे पायऱ्यांवर माणसं बसून अंगावर पाणी घेत होती, गंधकाचा वास सुटला होता, आणि पाण्यात पाय टाकताच मी तो ओरडत मागे घेतला. "चव्वेचाळीस," काका म्हणाले. थर्मामीटर चव्वेचाळीसच्या एक रेघ वर गेला. कुंडातलं पाणी एका दगडी नालीने बाहेर पडून शेताकडे वाहत होतं. वीसेक पावलं गेल्यावर काका वाकले, नालीत कोपर बुडवून म्हणाले, "एकोणचाळीस," आणि मग एकदम हळू आवाजात, "पाहा."

बोटभर लांबीचे मासे होते. बारीक, चपळ, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ. त्यात नवल काही नव्हतं, तसे हिंगणघाटच्या वणा नदीतही असतात. नवल हे होतं की आणखी चार पावलांवर थंड पाण्याचा ओढा येऊन मिळत होता आणि हे त्याच्याकडे जात नव्हते. तापाने फणफणलेल्या अंगाइतक्या गरम पाण्यात ते तोंडं प्रवाहाकडे करून निवांत उभे होते. मी पुस्तकात असले मासे कुठेतरी एका ओळीत वाचले असतील आणि परीक्षेनंतर विसरले असतील. तिथे चिखलात गुडघे टेकून मी मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ घेतला आणि लहान मुलीसारखी आनंदाने ओरडले. काका माझ्याकडे बघत होते, माशांकडे नाही.

"पण काका," थोड्या वेळाने मी म्हटलं, "याला उकळतं नाही म्हणत. एकोणचाळीस म्हणजे जरा जास्त गरम."

"तुमच्यासाठी जरा जास्त," ते म्हणाले. ते पुन्हा पहिल्यासारखे झाले होते.

पाच मासे माझ्या ओढणीने धरले आणि बरोबर आणलेल्या दुधाच्या किटलीत सोडले. बाजूला एक म्हातारी आपल्या सुनेबरोबर कपडे धुवत होती. दोघी आपसात कोलामीत, तिथल्या आदिवासींच्या भाषेत, बोलत होत्या. म्हातारी उठून आली आणि किटलीत डोकावून मराठीत म्हणाली, "खाता काय?"

"नाई व माय," काका म्हणाले. "गावात दाखवाचे हायेत."

"मंग दाखवून आणून सोडजा. इथली मासोळी आमी मारत नाई. ते गेली का गरम पाणी बी जाते."

"शिवरातीच्या आत आणतो," काका म्हणाले. "पाचच्या पाच. जित्त्या."

"मोजून घेईन," म्हातारी म्हणाली आणि कपड्यांकडे गेली.

परतीच्या बसमध्ये किटली काकांच्या मांडीवर, तिच्याभोवती काकूंची शाल, आणि आमच्या पिशवीत कुंडाच्या पाण्याने भरलेले दोन थर्मास. दर अर्ध्या तासाने झाकण उघडून काका आत बोट घालत आणि थर्मासातलं पाणी थोडं थोडं ओतत. कंडक्टरला वाटलं चहा आहे. त्याने एक कप मागितला. काकांनी त्याला किटली दाखवल्यावर तो पुढच्या स्टॉपपर्यंत आमच्याकडे फिरकला नाही.

घरी आल्यावर अडचण कळली. जॉबर पुण्याला मुलाकडे गेला होता आणि संक्रांतीलाच परतणार होता. जॉबर नसताना मासे दाखवण्यात काकांना अजिबात रस नव्हता. तोवर बैठकीतल्या कुणालाही त्यांनी परसात येऊ दिलं नाही. सगळा महिना थंडीचा. मग आमचं घर माशांच्या तब्येतीवर चालू लागलं. पितळेचा एक मोठा गंज, तिकडचं उभट पातेलं, बंबाला खेटून ठेवला, त्यात ते पाच जण. पहाटे बंब पेटायचा तो त्यांच्यासाठी. त्यांचं पाणी एकोणचाळीसला आलं की मग उरलेल्या गरम पाण्यात आम्हा माणसांच्या आंघोळी. दोनदा मी कॉलेजला तशीच गेले.

"माह्या तीन बाळंतपणात नाई इतकं पाणी तापवलं ह्या माणसानं," काकू म्हणायच्या. पण भाताची शितं बारीक कुस्करून त्याच घालायच्या.

मी काकांना समजावलं की पाणी रोज थोडं थोडं निवू दिलं तर हे साध्या पाण्यालाही सरावतील. त्यांना ते पटलं नाही. ज्याला ज्याची सवय, त्याला ते द्यावं, असं त्यांचं म्हणणं. गरम पाण्यात हवा कमी राहते, हे मात्र पटलं. त्या दिवसापासून ते तांब्याने पाणी उचलून चहावाल्यासारखी उंचावरून धार सोडू लागले. माशांना त्यांनी मिलच्या पाळ्यांची नावं दिली होती: पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी, जनरल, आणि सगळ्यांत लहान होता तो बदली. कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी उभा करतात तो बदली. हा बदली सगळ्यांच्या मागे, गंजाच्या कडेला असायचा आणि शीत टाकलं की सगळ्यांच्या आधी पोचायचा. सकाळी उठल्यावर आधी त्याला बघायला मीही परसात जाऊ लागले होते, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी जॉबर आला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मंडळी जमल्यावर त्यांनी गंज उचलून अंगणात आणला, स्टुलावर ठेवला, कोपर बुडवून "एकोणचाळीस" म्हटलं आणि झाकण काढलं.

सगळे वाकले. पाची मासे गोल फिरत होते. काकांच्या तोंडावर असा आनंद होता की मलाच भरून आलं. मग जॉबरने आत बोट घातलं.

"कोमट हाये बे हे. तू तं उकळतं म्हणलं होतं."

"उकळतंच होतं," काका म्हणाले. आकडा फिरवायचा नव्हता ना!

मी मध्ये पडले. कुंडातलं पाणी वेगळं, नालीतलं वेगळं, मी स्वतः मोजलं आहे, एकोणचाळीस अंशात हे खरोखर राहतात, असं सगळं भरभर सांगितलं. जॉबरने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, मांगं तुमीच म्हणल्या होत्या, रस्सा होते म्हणून. आता जगते म्हणता. तेवा खऱ्या का आता खऱ्या?"

पुन्हा सगळे हसले. या वेळी माझ्यावर, आणि मी ते कमावलेलं होतं.

जॉबर वाईट माणूस नव्हता. इतकी वर्षं वाट पाहून हातात आलेली संधी सोडणारा मात्र नव्हता. तो परसात गेला आणि बंबाच्या तोटीखाली तांब्या भरून घेऊन आला. "उकळत्यातले हायेत ना? मंग भेवाचं कायले," असं म्हणत त्याने तो गंजात ओतला. वाफ आली. काकांनी पटकन पाण्यात हात घातला. "बेचाळीस," ते पुटपुटले. मासे पिसाटासारखे काठावर धडकू लागले. काकांनी जॉबरला थांब म्हटलं तर उकळत्या पाण्याची गोष्ट तिथेच संपत होती. म्हणून ते थांब म्हणेनात. नुसते पाण्यात बघत राहिले.

जॉबरने दुसरा तांब्या भरून आणला आणि गंजावर धरला. "बोल बॉयलर. उकळत्या पाण्यातले हायेत का नाई?"

बदली आडवा झाला होता. तोंड पाण्याबाहेर काढून तो हवा गिळत होता. जॉबरचा हात कलला. काकांनी आपला डावा हात तांब्याखाली आडवा धरला. ते पाणी कुणाच्याही हाताने सोसण्यासारखं नव्हतं. ते त्यांच्या पंजावर पडलं आणि बाहेर अंगणात सांडलं. त्यांनी हात हलवला नाही.

"नाई," ते म्हणाले. "वणेतले हायेत. काल बंधाऱ्यावरून धरून आणले. थाप मारली म्या."

जॉबरने तांब्या खाली ठेवला. त्याला क्षणभर ऐकलेलं खरं वाटेना. मग तो जो हसला, तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर. त्याने काकांना मिठी मारली, पाठ थोपटली, "म्हणलं! म्हणलं आज तोंडानं!" असं पुन्हा पुन्हा सगळ्यांना सांगितलं. मी तोंड उघडलं, पण काकूंनी मागून माझं मनगट घट्ट धरलं होतं. मंडळी तिळगूळ खाऊन, चहा घेऊन ही बातमी गावात पोचवायला निघून गेली.

शिवरात्रीच्या आत आम्ही ते मासे नालीत नेऊन सोडले. म्हातारीने खरंच मोजून घेतले. पाच भरले तेव्हा ती काकांच्या हाताच्या पट्टीकडे बघून म्हणाली, "तुमालेच चटका बसला म्हणायचा," आणि आम्हाला घरी नेऊन चहा पाजला. परत आल्यावर मी जॉबरला बाजारात गाठलं. आता माशांना धोका नव्हता, म्हणून थर्मामीटरपासून म्हातारीपर्यंत सगळं सांगितलं आणि मोबाईलमधला व्हिडिओही दाखवला. त्याने तो डोळे बारीक करून दोनदा पाहिला.

"मॅडम," तो अगदी मायेने म्हणाला, "मोबाईलवर आजकाल काहीबी दाखवता येते. तो सोता म्हणला, थाप होती. उभ्या जन्मात एकदा खरं बोलला बिचारा. तेबी तुमी खोटं पाडता काय?"

बॉयलरचे मासे ही थापच होती, असंच हिंगणघाटात आजही मानतात. मी ते गाव सोडून आता बरीच वर्षं झाली. दरवर्षी वर्गात माशांचा धडा आला की मी त्या नालीतलं पाणी आणि तो आकडा सांगते. एखादा विद्यार्थी अशक्य म्हणतो. मग मी त्याला विचारते, कुठलं पाणी, किती गरम, तू पाहिलंस का?

पण त्या रविवारी मंडळी फाटकाबाहेर पडली तेव्हा मला यातलं काही सुचत नव्हतं. मला नुसता संताप आला होता. काका गंजासमोर उकिडवे बसले होते. डावा पंजा लालभडक झाला होता, बोटांवर फोड येत होते आणि काकू त्यावर कोरफडीचा गर लावत होत्या. उजवं कोपर पाण्यात होतं. थंड पाणी एकदम ओतलं तर मासे झटक्याने मरतील म्हणून मी वाटीवाटीने देत होते आणि ते कडेकडेने सोडत होते. बाकीचे चौघे सावरले होते. बदली अजून तिरपा होता.

"काका, पाच मिनिटं दम धरला असतात," मी म्हटलं. "मी वरून थर्मामीटर आणला असता, व्हिडिओ दाखवला असता, सगळं पटवून दिलं असतं. खरं होतं ना ते!"

काकांनी मान वर केली नाही.

"पाच मिन्टं माह्यापाशी होते मॅडम," ते म्हणाले. "बदलीपाशी नोते. आणखी एक वाटी द्या. सावकाश."